एडिटरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टला क्रॉनमध्ये फाइल का सापडत नाही: पायथनमधील रिलेटिव्ह आणि अ‍ॅब्सोल्यूट पाथ

प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसाच्या तालुकानिहाय नोंदी वाचून अहवाल तयार करणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे. ‘पाऊस’ या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘माहिती’ आणि ‘साधने’ असे दोन फोल्डर आहेत. नोंदींची सीएसव्ही फाइल ‘माहिती’मध्ये आणि स्क्रिप्ट ‘साधने’मध्ये आहे. कोडमध्ये पाथ ‘माहिती/नोंदी.सीएसव्ही’ असा दिला आहे. व्हीएस कोड या एडिटरमधून स्क्रिप्ट सुरळीत चालते, पायचार्म हा दुसरा एडिटर वापरणाऱ्या सहकाऱ्याकडे चालत नाही, आणि सर्व्हरवर क्रॉनला (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लावली की फाइल सापडत नसल्याचा एरर येतो. सर्व्हरवरचा पूर्ण, म्हणजे फाइल सिस्टीमच्या मुळापासून लिहिलेला (अ‍ॅब्सोल्यूट) पाथ कोडमध्ये लिहून टाकला तर ती तिथे चालते, पण मग दुसऱ्या कोणाच्याच मशीनवर चालत नाही. अशा वेळी काय लिहावे?

रिलेटिव्ह पाथ, म्हणजे ‘माहिती/नोंदी.सीएसव्ही’सारखा मधल्याच फोल्डरपासून सुरू होणारा पाथ, एकट्याने कधीच पूर्ण नसतो. तो कुठल्या फोल्डरपासून मोजायचा हे त्याच्या मजकुरात लिहिलेले नसते, आणि तो फोल्डर तुम्ही ठरवला नाही, तर प्रोग्रॅम ज्याने सुरू केला तो ठरवतो. म्हणून कुठलाही पाथ लिहिण्याआधी ही फाइल कोणाची आहे, प्रोग्रॅमची, प्रोग्रॅम चालवणाऱ्या माणसाची, की ज्या मशीनवर तो चालतो त्या मशीनची, हे ठरवावे. तेवढे ठरले की बाकीचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

आधी यंत्रणा पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) एक चालू फोल्डर, म्हणजे वर्किंग डिरेक्टरी, देते आणि नव्या प्रोसेसला तो सहसा ती सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून मिळतो. ‘ओपन’ला दिलेला पाथ स्लॅशने सुरू होत नसेल, तर लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) त्या चालू फोल्डरपासून चालायला लागतो. स्क्रिप्ट डिस्कवर कुठे ठेवली आहे याच्याशी या सगळ्याचा काहीही संबंध नाही. व्हीएस कोडचे टर्मिनल एरवी उघडलेल्या प्रकल्पाच्या मुळाशी, म्हणजे ‘पाऊस’मध्ये, सुरू होते, म्हणून तिथे ‘माहिती/नोंदी.सीएसव्ही’ सापडते. पायचार्म स्वतःहून स्क्रिप्टचा फोल्डर चालू फोल्डर म्हणून धरतो, म्हणजे शोध ‘साधने’च्या आत सुरू होतो, आणि तिथे ‘माहिती’ नावाचे काहीच नाही. क्रॉन सहसा त्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून काम सुरू करतो. लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीची सिस्टीम सर्व्हिस वेगळे काही सांगितले नसेल तर फाइल सिस्टीमच्या मुळातून सुरू होते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा ठेवला, तर स्क्रिप्ट बहुधा ‘सिस्टीम 32’ फोल्डरमध्ये जागी होते. कोड सगळीकडे तोच, पाथही तोच, पण मोजणीची सुरुवात प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

या गोष्टीने पायथनमध्ये अधिक गोंधळ उडतो, कारण ‘इम्पोर्ट’ वेगळ्या नियमाने चालतो. स्क्रिप्ट थेट चालवली की पायथन तिचा फोल्डर मॉड्यूल शोधण्याच्या यादीत पहिला ठेवतो. त्यामुळे ‘साधने’मधले शेजारचे मॉड्यूल कुठूनही इम्पोर्ट होते, आणि पाहणाऱ्याची अशी समजूत होते की स्क्रिप्टला स्वतःची जागा माहीत आहे, तेव्हा शेजारची फाइलही तशीच उघडेल. ती उघडत नाही. इम्पोर्ट स्क्रिप्टच्या जागेवरून मोजतो, ‘ओपन’ चालू फोल्डरवरून मोजतो. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्येही हीच जोडी आहे: ‘रिक्वायर’मधला बिंदूने सुरू होणारा पाथ त्या फाइलपासून मोजला जातो, तर फाइल वाचण्याच्या फंक्शनला दिलेला तोच पाथ प्रोसेसच्या चालू फोल्डरपासून. एका भाषेत हा फरक नीट समजला की दुसऱ्या भाषेत काय तपासायचे ते कळते.

वाचताना निदान एरर तरी येतो. लिहिताना तोही येत नाही, आणि माझ्या मते रिलेटिव्ह पाथचा खरा धोका तिथे आहे. समजा, हीच स्क्रिप्ट ‘अहवाल’ नावाचा फोल्डर नसेल तर तयार करून त्यात निकाल लिहिते. क्रॉनमधून चालल्यावर ती होम फोल्डरमध्ये नवा ‘अहवाल’ फोल्डर बनवेल, त्यात फाइल लिहील आणि यशस्वी होऊन थांबेल. लॉगमध्ये काहीच वावगे दिसणार नाही; फक्त प्रकल्पातल्या ‘अहवाल’मध्ये गेल्या आठवड्याचीच फाइल दिसत राहील. एसक्यूलाइटच्या, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसच्या, बाबतीत हे आणखी फसवे होते. डेटाबेसचा रिलेटिव्ह पाथ देऊन कनेक्शन उघडले आणि तिथे ती फाइल नसली, तर एरर येण्याऐवजी नवा, रिकामा डेटाबेस उघडला जातो. एरर येतो तो पहिल्या क्वेरीला, आणि त्यात ‘असे टेबल नाही’ इतकेच लिहिलेले असते. मग माणूस टेबल कोणी उडवले, बॅकअप कुठे आहे, याचा शोध घेऊ लागतो, आणि खरा डेटाबेस मात्र दुसऱ्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा असतो. टेबल नसल्याचा एरर अनपेक्षितपणे आला, तर सर्वांत आधी प्रोग्रॅमने उघडलेल्या डेटाबेसचा पूर्ण पाथ छापून पाहावा.

आता उपायाकडे येऊ. नोंदींची फाइल प्रकल्पासोबतच येते, गिटमध्येही त्याच्यासोबत जाते, म्हणजे ती प्रोग्रॅमच्या मालकीची आहे. अशा फाइलचा पाथ कोडच्या जागेपासून मोजावा. प्रत्येक मॉड्यूलला त्याच्या फाइलचा पाथ सांगणारे एक नाव पायथन देतो, ज्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेखा असतात. ‘पाथलिब’ हे पायथनचे पाथसाठीचे मॉड्यूल वापरून स्क्रिप्टच्या सुरुवातीला असे लिहावे (नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन अक्षरांत असतील):

प्रकल्प = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पॅरेंट.पॅरेंट
नोंदी = प्रकल्प / "माहिती" / "नोंदी.सीएसव्ही"

पहिला ‘पॅरेंट’ स्क्रिप्टवरून ‘साधने’वर नेतो, दुसरा ‘साधने’वरून ‘पाऊस’वर. याच्या पुढे सगळ्या प्रोग्रॅममध्ये ‘प्रकल्प’ हा एकच टेकू वापरावा आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये ‘पॅरेंट’ मोजत बसू नये. नाहीतर एखादी फाइल एका फोल्डरने आत सरकवली की मोजणी चुकते आणि ती कुठे-कुठे चुकली हे शोधावे लागते. ‘पाथलिब’ पायथन 3.4 पासून आहे आणि 3.6 पासून ‘ओपन’सह प्रमाण लायब्ररीचा बहुतेक भाग त्याचे ऑब्जेक्ट थेट घेतो, त्यामुळे मजकुराचे तुकडे अधिक चिन्हाने जोडून पाथ बनवण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

त्या ओळीतल्या ‘रिझॉल्व्ह’विषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण अनेक जण ते अनावश्यक समजून काढून टाकतात. थेट चालवलेल्या स्क्रिप्टच्या बाबतीत हे फाइलचे नाव (‘__फाइल__’) पायथन 3.9 पूर्वी कमांडमध्ये जसे दिले तसेच, म्हणजे रिलेटिव्हही असू शकत असे, 3.9 पासून ते पूर्ण पाथच असते. पण पूर्ण पाथ म्हणजे खरा पाथ नव्हे. स्क्रिप्टची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नुसती लिंक) तुम्ही ‘बिन’ फोल्डरमध्ये ठेवून तिथून चालवली, तर ते नाव लिंकची जागा सांगते, आणि तिच्यावरून मोजलेले ‘माहिती’ अर्थातच सापडत नाही. ‘रिझॉल्व्ह’ लिंकच्या मागे जाऊन मूळ फाइलपर्यंत पोचते. गंमत अशी की मॉड्यूल शोधण्याच्या यादीत पायथन स्क्रिप्टचा फोल्डर टाकतो तो मात्र लिंक उलगडूनच टाकतो, म्हणजे इम्पोर्ट पुन्हा सुरळीत चालतात आणि फक्त फाइल उघडत नाही.

‘अ‍ॅब्सोल्यूट’ आणि ‘रिझॉल्व्ह’ या दोन मेथडमधला फरक दोन बिंदूंच्या पाथमध्ये जाणवतो (दोन बिंदू म्हणजे एक फोल्डर वर). समजा, ‘माहिती’ हा खरा फोल्डर नसून ‘/मोठी-डिस्क/संग्रह/2024’ या फोल्डरची सिमलिंक आहे. अशा वेळी ‘माहिती/../नोंदी.सीएसव्ही’ लिहिले तर कर्नल आधी लिंकच्या पलीकडे जातो आणि तिथून एक पायरी वर येतो, म्हणजे तो ‘/मोठी-डिस्क/संग्रह/नोंदी.सीएसव्ही’ उघडायला जातो. ‘ओएस.पाथ’मधले ‘अ‍ॅबस्पाथ’ मात्र डिस्ककडे न पाहता, केवळ मजकुरावर काम करते: ‘माहिती’ आणि तिच्यापुढचे दोन बिंदू एकमेकांना छेदतात असे धरून ते ‘पाऊस/नोंदी.सीएसव्ही’ देते. या दोन वेगळ्या फाइल आहेत. ‘पाथलिब’चे ‘अ‍ॅब्सोल्यूट’ याच कारणाने दोन बिंदूंना हात लावत नाही, ते फक्त पुढे चालू फोल्डर जोडते. ‘रिझॉल्व्ह’ डिस्कवर खरोखर काय आहे ते पाहून उत्तर देते. टर्मिनलच्या बॅश या शेलमध्ये अशा लिंकमधून ‘सीडी’ने दोन बिंदू देऊन वर आलात तर तुम्ही प्रकल्पातच परत येता, कारण शेल कोणत्या वाटेने आत आलो ते लक्षात ठेवते, त्याच जागी फोल्डरमधली यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला दोन बिंदू दिले तर ते लिंकच्या पलीकडचा वरचा फोल्डर दाखवते. टर्मिनलमध्ये करून पाहिलेली गोष्ट कोडमध्ये तशीच घडेल असे इथे धरता येत नाही.

सुरुवातीलाच ‘सीएचडीआयआर’ (चालू फोल्डर बदलणारे फंक्शन) करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये गेले तर बाकीचे पाथ आहेत तसे चालतील, हा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. तो चालतो हे खरे; तरीही मी तो टाळायला सांगतो. चालू फोल्डर अख्ख्या प्रोसेसचा एकच असतो, त्यामुळे एका थ्रेडने (प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या एका कामाने) तो बदलला की सगळ्या थ्रेडचा बदलतो. त्याहून वाईट म्हणजे वापरणाऱ्याने दिलेला पाथ बिघडतो. कोणी आपल्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उभे राहून तुमच्या स्क्रिप्टला ‘नवीन.सीएसव्ही’ हे नाव दिले, तर त्याच्या मनात त्या फोल्डरमधली फाइल आहे. तुम्ही आधीच दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेले असाल, तर ती सापडणार नाही, किंवा त्याच नावाची भलतीच फाइल सापडेल. कमांडमधून आलेला रिलेटिव्ह पाथ वापरणाऱ्याच्या मालकीचा असतो आणि तो चालू फोल्डरपासूनच मोजला पाहिजे. त्यासाठी आर्ग्युमेंट वाचताक्षणी त्याला ‘रिझॉल्व्ह’ करून पूर्ण पाथ करून घ्यावा आणि पुढे सगळीकडे तोच फिरवावा. रिलेटिव्ह पाथचे ऑब्जेक्ट आपल्यासोबत कुठलाही फोल्डर बांधून ठेवत नाही. ते वापरले जाईल त्या क्षणीचा चालू फोल्डर त्याला लागू होतो. म्हणून हे रूपांतर प्रोग्रॅमच्या दारातच व्हावे, आत खोलवर गेल्यावर नव्हे.

तिसरा प्रकार मशीनच्या मालकीच्या फाइलचा: मोठा डेटाबेस, लॉग, रोजचे अहवाल. त्यांची जागा कोडने ठरवू नये. ती कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या मूल्यात) असावी, आणि तिथे पूर्ण पाथ लिहिणे योग्यच आहे, कारण ती फाइल त्या मशीनपुरतीच असते. कॉन्फिगमध्ये कोणी रिलेटिव्ह पाथ दिलाच, तर तो कॉन्फिग फाइलच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजावा आणि तसे तिथेच लिहून ठेवावे. टिल्डने (~, म्हणजे होम फोल्डर) सुरू होणारा पाथ आला तर लक्षात ठेवावे की टिल्डचा अर्थ शेल लावते, ‘ओपन’ लावत नाही. ‘एक्स्पांडयूझर’ न करता तो वापरला तर पायथन टिल्ड याच नावाचा फोल्डर शोधू लागतो.

पाथ जोडताना एक नियम पक्का माहीत हवा. जोडायचा दुसरा तुकडा स्वतःच पूर्ण पाथ असेल, तर पहिला तुकडा टाकून दिला जातो. ‘ओएस.पाथ.जॉइन’ आणि ‘पाथलिब’ची स्लॅश, दोघेही असेच वागतात. कॉन्फिगसाठी हे सोयीचे आहे: आधार फोल्डरला कॉन्फिगमधला पाथ जोडला की रिलेटिव्ह असेल तर तो आधारापासून मोजला जातो आणि पूर्ण असेल तर जसाच्या तसा राहतो. पण हाच तुकडा वेबवरून, बाहेरच्या माणसाकडून येत असेल, तर तो स्लॅशने सुरू होणारे नाव देऊन तुमचा आधार फोल्डर पुसून टाकू शकतो, किंवा दोन बिंदू देत-देत त्याच्या बाहेर जाऊ शकतो. अशा ठिकाणी जोडलेला पाथ ‘रिझॉल्व्ह’ करून, तो तसाच ‘रिझॉल्व्ह’ केलेल्या आधार फोल्डरच्या आत आहे का हे ‘इज-रिलेटिव्ह-टू’ने तपासावे, ही मेथड पायथन 3.9 पासून आहे. मजकुराची सुरुवात जुळते का एवढेच पाहणे पुरेसे नाही, कारण ‘/सर्व्हर/माहिती-जुनी’ या पाथची सुरुवातही ‘/सर्व्हर/माहिती’शी जुळते. आणि तपासणीपूर्वी ‘रिझॉल्व्ह’ केलेच पाहिजे, कारण ‘इज-रिलेटिव्ह-टू’ केवळ मजकूर पाहते; दोन बिंदू तसेच राहिले असतील तर ती त्यांना आत सोडते.

विंडोजवर रिलेटिव्ह आणि अ‍ॅब्सोल्यूट यांच्या मध्ये आणखी दोन प्रकार आहेत. ड्राइव्हचे अक्षर आणि कोलन (:) देऊन पुढे बॅकस्लॅश न देता लिहिलेला पाथ त्या ड्राइव्हच्या चालू फोल्डरपासून मोजला जातो, आणि नुसत्या बॅकस्लॅशने सुरू होणारा पाथ चालू ड्राइव्हच्या मुळापासून. दोन्ही दिसायला पूर्ण वाटतात आणि दोन्ही पूर्ण नाहीत, ‘ओएस.पाथ’चे ‘इजअ‍ॅब्स’ दुसऱ्या प्रकाराला पूर्ण म्हणत असे, ते पायथन 3.13 मध्ये दुरुस्त झाले. कोडमध्ये पाथ लिहिताना बॅकस्लॅशचा त्रास वेगळाच: त्याच्यापुढे लहान ‘एन’ आले तर नवी ओळ, ‘टी’ आले तर टॅब, आणि ‘यूझर्स’ फोल्डरचे मोठे ‘यू’ आले तर पायथनला ते युनिकोड क्रमांकाची सुरुवात वाटून प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच सिंटॅक्स एरर येतो. सरळ पुढचा स्लॅश वापरावा, पायथनमध्ये विंडोजवरही तो चालतो. बॅकस्लॅश हवाच असेल तर अवतरणाआधी ‘आर’ लावावा.

मराठी नावांच्या फाइल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘शेतकऱ्यांच्या नोंदी’ असे नाव असलेली फाइल डोळ्यांना दिसते, पाथही बरोबर आहे, तरी लिनक्सवर ती सापडत नाही, असे होऊ शकते. कारण ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साधा ‘र’ आणि नुक्ता यांच्या जोडीने, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमना नाव म्हणजे निव्वळ बाइटची रांग असते, त्यामुळे त्यांच्या लेखी या तीन वेगळ्या फाइल आहेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावे विलग रूपात साठवत असे, त्यामुळे तिथून उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावात ‘ऱ’ दोन तुकड्यांत असू शकतो, तर तुमच्या कोडमध्ये तो एकसंध असतो. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलचे ‘नॉर्मलाइझ’ दोन्ही नावांवर चालवून मग तुलना केली तर पहिले दोन प्रकार एक होतात. जोडचिन्हाचा तिसरा प्रकार त्याने जुळत नाही, तो स्वतंत्रपणे बदलून घ्यावा लागतो. लांबीचीही मर्यादा आहे. लिनक्सवर एका नावाला सहसा 255 बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजून जेमतेम 85 चिन्हे. शासकीय परिपत्रकाचे अख्खे शीर्षक फाइलला द्यायची सवय असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते.

जुपिटरच्या नोटबुकमध्ये फाइलचा पाथ सांगणारे ते नाव उपलब्ध नसते. तिथे चालू फोल्डर सहसा नोटबुकचाच असतो, तेव्हा पहिल्या सेलमध्ये ‘प्रकल्प’ एकदा ठरवून घ्यावा. प्रोग्रॅम पॅकेज म्हणून इन्स्टॉल होणार असेल, तर सोबतच्या फाइलसाठी ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’ वापरावे, कारण पॅकेज झिपमधूनही चालू शकते आणि तिथे डिस्कवर उघडता येईल असा पाथच नसतो.

प्रश्नातल्या स्क्रिप्टपुरते सांगायचे तर नोंदींचा पाथ वरच्या दोन ओळींनी ठरवावा, अहवालाची जागा कॉन्फिगमधून घ्यावी, आणि सुरुवातीलाच चालू फोल्डर, ‘प्रकल्प’ आणि अहवालाचा पूर्ण पाथ या तीन गोष्टी लॉगमध्ये लिहाव्यात. मग क्रॉनला लावण्याआधी टर्मिनलमध्ये फाइल सिस्टीमच्या मुळात जाऊन, स्क्रिप्टचा पूर्ण पाथ देऊन, क्रॉन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालणार आहे त्याच्याच नावाने ती चालवून पाहावी. साध्या वापरकर्त्याला मुळात लिहिण्याची परवानगी नसते, त्यामुळे कोडमध्ये कुठे रिलेटिव्ह पाथने लिहायचे राहून गेले असेल, तर ते तिथेच परवानगीच्या एररने उघडे पडते.